दोन तास पंधरा मिनिटांचा हिशेब

दर दिवाळीला आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच संवाद होतो. कोणीतरी विचारतं, "यंदा येतोयस ना?" मी लिहितो, "जमेल असं वाटत नाही." मग सगळे तुटून पडतात. मागच्या दिवाळीत एकानं थेट पुरावाच टाकला. पुणे ते लेह, हवाई अंतर १,७७० किलोमीटर, विमानाचा वेळ दोन तास पंधरा मिनिटं. खाली त्याची टिप्पणी : "मला हिंजवडीहून घरी यायला कधी कधी याहून जास्त वेळ लागतो. कारणं नको सांगूस."

त्यावर वीसेक अंगठे पडले. मी उत्तर दिलं नाही, कारण जे सांगायचं होतं ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. ते इथे लिहितोय. आणि हे फक्त त्या मित्रासाठी नाही. 'आता काय, जग जवळ आलंय' असं म्हणत विमानाच्या घड्याळानं माणसांची अंतरं मोजणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. त्यात एकेकाळी मीही होतो, तेही पुढे सांगतो.

आधी त्या आकड्याकडे बघू. तो चुकीचा नाही. पुणे आणि लेह या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वीच्या गोलावर त्यांना जोडणारी सर्वांत छोटी रेषा काढा, ती साधारण १,७७० किलोमीटर भरते. तिला ताशी ८०० किलोमीटर वेगानं भागलं की सव्वादोन तास येतात. गंमत म्हणजे दिल्ली जवळजवळ याच रेषेवर आहे. पुणे-दिल्ली साधारण १,१५५ आणि दिल्ली-लेह साधारण ६२०. म्हणजे दिल्लीला उतरून गेलात तरी जेमतेम पाच-दहा किलोमीटर वाढतात. रेषा बरोबर, भागाकारही बरोबर. पण हा हिशेब कोणाचा? हवेत ३५ हजार फुटांवर असलेल्या, कुठेही न थांबणाऱ्या, जेवण, झोप, घर, आजारपण यांतलं काहीही नसलेल्या एका वस्तूचा. माणूस त्या रेषेवर राहत नाही. तो रेषेच्या एका टोकापासून बराच आत कुठेतरी असतो आणि त्याला दुसऱ्या टोकापासून बरंच आत कुठेतरी जायचं असतं.

खडकवासल्याला एनडीएत असताना नकाशा वाचन शिकवलं गेलं, तेव्हाच हे डोक्यात बसायला हवं होतं. नकाशावर सिंहगड वीतभर अंतरावर दिसायचा. पाठीवर पिठ्ठू घेऊन निघालं की ती वीत किती लांब आहे हे पोटऱ्यांना कळायचं. पुढे डोंगराळ भागात पोस्टिंग झाल्यावर समजलं की इथे कोणी अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाही. "पुढची चौकी किती?" "चार घंटे, साब." १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक साधा नियम मांडला होता : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की रेषा एक आणि वाट दुसरी. आपण मात्र हातात उपग्रह घेऊन पुन्हा रेषेवर आलो.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा मार्च. आमची पोस्ट खारदुंग लाच्या पलीकडे होती. नेमकी कुठे ते लिहीत नाही. माझ्या हाताखाली साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक नाईक होता. सोमवारी सकाळी त्याचे वडील गेले. दुपारी घरून निरोप आला. सुभेदारसाहेबांनी त्याची रजा, मूव्हमेंट ऑर्डर सगळं अर्ध्या तासात तयार केलं. मी त्याच्या थोरल्या भावाला फोन लावला. भाऊ रडत नव्हता, फक्त एकच प्रश्न विचारत होता. "साहेब, थांबायचं का?"

मी मनात गणित केलं. उद्या पहाटे गाडीनं खिंड ओलांडून लेह. परवा सकाळचं विमान. दुपारी दिल्ली, संध्याकाळी पुणे, रात्री गाव. आकाश तेव्हा निरभ्र होतं. मी म्हणालो, "दादा, थांबा. परवा रात्रीपर्यंत पोचतो तो."

सोमवारी रात्री बर्फ पडायला लागलं. मंगळवारी खिंड बंद. हेलिकॉप्टर उडण्यासारखं हवामान नव्हतं. बुधवारी दुपारी रस्ता उघडला, तो संध्याकाळी लेहच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये पोचला. गुरुवारी ढग खाली आलेले, विमान आलंच नाही. शुक्रवारी चंदीगडला जाणाऱ्या विमानात त्याला जागा मिळाली. रात्रीच्या बसनं दिल्ली. आयत्या वेळचं पुण्याचं विमानाचं तिकीट त्याच्या खिशाला परवडण्यासारखं नव्हतं, आणि मी पैसे देऊ केले असते तर त्यानं घेतले नसते. शनिवारी दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस, तीही आरक्षणाशिवाय. रविवारी रात्री सातारा. एसटी स्टँडवर रात्र काढून सोमवारी सकाळी दहिवडीची गाडी, तिथून वडाप.

परवा रात्री म्हणालो होतो. आठवा दिवस उजाडला.

माझ्या शब्दावर त्या घरानं देह दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणी ठेवला होता. सगळे नातेवाईक जमलेले, चूल पेटलेली नाही, म्हातारी आई दाराकडे बघत बसलेली. बुधवारी रात्रीही तो आला नाही, तेव्हा गुरुवारी सकाळी थोरल्या भावानं अग्नी दिला. धाकटा पोचला तो दहाव्याला. आणि दहाव्याला त्याच्या एका चुलतभावानं सगळ्यांसमोर मोबाइल पुढे केला. पुणे-लेह, दोन तास पंधरा मिनिटं. "बापासाठी दोन तास नाही काढता आले तुला?"

हे त्यानं मला सांगितलं नाही. परत आल्यावर सलाम करून म्हणाला, "सगळं नीट झालं, साहेब." मला ते भावाकडून कळलं. मीच फोन केला होता, क्षमा मागायला. तो माणूस रागावला नाही. इतकंच म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून थांबलो, साहेब."

त्या दिवसापासून तो आकडा कोणी हसत हसत टाकला की माझ्या तोंडाची चव जाते.

आता कोणी म्हणेल, ही अपवादात्मक घटना आहे, बर्फ रोज पडत नाही. ठीक आहे, बर्फ बाजूला ठेवू. निरभ्र दिवसाचा हिशेब करू. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०,६०० फुटांवर, डोंगरांच्या मधल्या दरीत आहे. इथली हवा विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो. उन्हानं हवा तापली की ती आणखी विरळ होते, आणि दुपारनंतर दरीत वारे सुटतात. म्हणून इथली बहुतेक विमानं सकाळची. मुंबई-दिल्लीला सकाळचं विमान चुकलं तर दुपारचं मिळतं. इथे सकाळी ढगांनी दरी झाकली की तो दिवस गेला, आणि त्या दिवसाचे प्रवासी दुसऱ्या दिवसाच्या रांगेत. विमान हवेत सव्वा तास असतं हे खरं, पण त्या सव्वा तासासाठी हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावे लागतात. तो सव्वा तास स्क्रीनवर दिसतो. हे दोन-तीन दिवस कुठेच दिसत नाहीत.

बरं, विमान वेळेवर आलं, उतरलात. प्रवास संपला? माझ्या मते इथे तो सुरू होतो.

एरवी विमान उतरताना केबिनमधला दाब वाढत जातो, कानांत दडे बसतात. केबिनमध्ये साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका दाब ठेवलेला असतो. लेह त्याहून उंच. त्यामुळे इथे उलटं होतं : उतरताना केबिनमधला दाब कमी होत जातो आणि दार उघडेपर्यंत तो बाहेरच्या विरळ हवेइतकाच झालेला असतो. तिचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. तुमचं विमान पोचलं, बॅगही पोचली. शरीर अजून पुण्यातच आहे. ते मागून, पायी येतंय.

ते पोचायला किती वेळ लागतो हे फौजेनं मोजून ठेवलंय. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस : पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग थोडी चढाई. त्यावर १५ हजार फुटांपर्यंत आणखी चार दिवस. त्याहून वर जायचं तर आणखी चार. एकूण चौदा. वीस वर्षांचा, रोज पाच किलोमीटर धावणारा जवान असला तरी चौदा. कर्नलसाहेब असले तरी चौदा. आणि घरी लांब रजा काढून आला की शरीर सगळं विसरलेलं असतं, पुन्हा सवय करायची. पोस्टवरच्या जवानाचं अंतर मोजायचं तर हे दिवस त्यात धरा. पुणे ते त्याची चौकी : सव्वादोन तास अधिक चौदा दिवस अधिक रस्ता अधिक हवामान. टाका हे ग्रुपवर.

हा नियम कोणा बाबूनं टेबलावर बसून केलेला नाही. १९६२ मध्ये मैदानातून थेट उंचीवर घाईनं नेलेल्या सैनिकांनी त्याची किंमत मोजली आहे. त्यानंतर आपल्या फौजी डॉक्टरांनी हा विषय हातात घेतला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय सैनिकांना उंचीवर झालेल्या त्रासाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. ती डोकेदुखी, त्या उलट्या, फुप्फुसात भरणारं ते पाणी आपल्याच पोरांचं होतं. ते आकडे आपल्या देशाचे आहेत आणि आपणच ते वाचत नाही.

वाचत नाही म्हणूनच 'लडाख, चार रात्री पाच दिवस' असं विकता येतं. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग. खिंड १७,५८२ फूट. (तिथल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० लिहिलेलं होतं. मोजल्यावर आठशे फूट कमी भरली, तरी फोटो त्या पाटीसमोरच निघत राहिले. पाटीवरचा आकडा आपल्याला फार आवडतो.) मी स्वतः त्या खिंडीत पुण्याचाच एक पंचविशीतला मुलगा बघितलाय. ओठ निळे, बोलणं अडखळत. आमच्या नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावून त्याला ताबडतोब खाली पाठवलं. त्याचा मित्र माझ्याशी वाद घालत होता, "सर, कालपर्यंत एकदम फिट होता, कालच तर लँड झालो." मी म्हणालो, "तेच तर." लेहचे डॉक्टर पहिले दोन दिवस काहीही करू नका म्हणून सांगतात. पण सहल विकणाऱ्याला दोन दिवस 'काहीही नाही' असं छापता येत नाही. आणि घेणाऱ्याला वाटतं, सव्वादोन तासांत पोचलो, मग दोन दिवस कशाला झोपून काढायचे?

आता दुसरी बाजू. मी विमानाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. लेहमध्ये राहून तसं म्हणणं हा कृतघ्नपणा होईल. फेब्रुवारी १९४८ मध्ये पृथी चंद यांची मूठभर स्वयंसेवकांची तुकडी लेह वाचवण्यासाठी श्रीनगरहून निघाली. भर हिवाळ्यात झोजी ला पायी ओलांडून त्यांना पोचायला साधारण तीन आठवडे लागले. त्यांच्याबरोबर आलेले इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांना हाताशी घेऊन धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डकोटा उतरवलं, जनरल थिमय्या शेजारी बसलेले. केबिनमध्ये दाब नाही, मार्गाचा नकाशा नाही, आधी कोणी उतरलेलं नाही. त्या धावपट्टीमुळे लेह आज आपलं आहे. आजही इथला गंभीर आजारी माणूस वाचतो तो विमानामुळे. आणि जमिनीवरची कामंही अंतर खरोखर कमी करतात. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, मनाली-लेह रस्ता ४६ किलोमीटरनं आखूड झाला, रोहतांगच्या बर्फातले चार-पाच तास वाचले. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा उघडला. झोजी लाखालून बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की हिवाळ्यातही श्रीनगरकडचा रस्ता हाताशी राहील. त्या नाईकासारख्या माणसाला या बोगद्यांचा उपयोग होईल, कारण ते त्याच्या वाटेवर आहेत.

माझं भांडण विमानाशी नाही, विमानाच्या वेळेला माणसाची वेळ समजण्याशी आहे. मेहर सिंगांना तरी उतरताना माहीत होतं की हा चमत्कार आहे. आपण चमत्काराचं वेळापत्रक छापलं आणि तो चुकला की माणसाला दोष देतो.

"तुम्हाला तर साठ दिवस वार्षिक रजा आणि जवानांना वर तीस दिवस नैमित्तिक, आम्हाला कुठे एवढी सुट्टी," हेही ऐकतो. रजा कागदावर आहे, खरं आहे. पण ती हक्क म्हणून मिळत नाही, परिस्थिती बघून मिळते. आणि मिळाली तरी बायकोला 'अमुक तारखेला येतो' असं सांगायची आमच्या जवानांची हिंमत होत नाही. जुने हवालदार नव्या पोरांना सांगतात, दिल्लीत गाडीत बसल्यावर फोन कर, आधी नको. ही अंधश्रद्धा नाही. तो अनुभवातून काढलेला प्रवासाचा वेळ आहे, आणि कुठल्याही स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त अचूक आहे.

तेव्हा माझी तीन मागणी आहेत.

लडाखची सहल विकणाऱ्यांनी पहिले दोन दिवस 'प्रवास' म्हणून छापावेत. हॉटेलच्या पलंगावर पडून होत असला तरी तो प्रवासच आहे. घेणाऱ्यांनी तेवढे दिवस नसतील तर येऊ नये. महाराष्ट्रात बघण्यासारखं खूप आहे.

माझ्या बरोबरीच्या आणि माझ्यामागून येणाऱ्या अधिकाऱ्यांनी जवानाच्या घरी फोन करताना एक तारीख देऊ नये. दोन द्याव्यात : लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी. आणि 'थांबायचं का' असं विचारलं तर दुसरी तारीख धरून उत्तर द्यावं. ते उत्तर 'थांबू नका' असेल, तर ते देण्याची ताकद अंगात आणावी. माझ्यात ती नव्हती. चांगली बातमी देण्याच्या मोहापायी मी सगळ्यांत चांगला दिवस गृहीत धरला.

आणि घरच्यांनी, मित्रांनी, चुलतभावांनी 'किती तासांचं अंतर' हे विचारणं सोडावं. 'निघालास का, कुठवर आलास' हे विचारावं. आपल्या आज्या-पणज्या पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हेच विचारायच्या. वाखरीला पोचला म्हटलं की त्यांना कळायचं अजून किती राहिलं.

तो नाईक आता हवालदार झालाय, दुसऱ्या पलटणीत आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. रजेवर निघाला होता, मुलीच्या बारशाला. मी सवयीनं विचारलं, "कधी पोचशील?"

तो हसला. म्हणाला, "साहेब, आत्ता दिल्लीत गाडीत बसलोय. बारशाची तारीख घरच्यांना सांगितलीय, मी आल्यावर धरा म्हणून."

ग्रुपवरच्या मित्रा, यंदाच्या दिवाळीला मी येईन किंवा येणार नाही. आलो तर पुण्यात गाडीत बसल्यावर फोन करीन.